चौथ्या मात्रेची जागा

त्या माणसाला कशाचीही किळस यायची. चहाच्या कपाला कुणाच्या ओठाची खूण दिसली की चहा मोरीत. बसमधला दांडा धरायचा तर रुमाल गुंडाळून. कुणी शिंकलं की हा खोली सोडून जाणार, आणि जाताना शिंकणाऱ्याकडे असं बघणार की त्या बिचाऱ्याला गुन्हा केल्यासारखं वाटावं. चोवीस तास नाक मुरडलेलं, म्हणून बँडमधल्या लोकांनी त्याचं नाव ‘मुरडे’ पाडलं. नवीन आलेल्यांना ते आडनाव वाटायचं आणि ते अदबीनं ‘मुरडेसाहेब’ म्हणायचे. तेही त्याला आवडायचं नाही. आवडण्यासारखं जगात फार थोडं होतं आणि त्यातलंही बरंचसं आधी धुऊन घ्यावं लागायचं.

पोटापाण्यासाठी तो धुलाईच्या कारखान्यात होता. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी तिथं गाड्या भरभरून यायच्या. एका टोकाला मळक्या चादरींचे ढीग उपसायचे. दुसऱ्या टोकाला इस्त्रीच्या रुळांतून निघालेल्या गरम, पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या घालायच्या. मुरडे एकवीस वर्षं घडीच्या टोकाला उभा होता. एकदा माणसं कमी पडली म्हणून मुकादमानं त्याला मळक्या टोकाला लावलं, तर ह्या गृहस्थानं दोन चादरी उचलल्या आणि तिसरीत स्वतःच ओकला. पुन्हा त्याला कुणी तिकडे बोलावलं नाही.

इतका सोवळा माणूस बँडमध्ये शिरला कसा, असं कुणीही विचारेल. त्याला कारण त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी कोंगो वाजवायचे. कमरेएवढं उंच लाकडी पिंप, तोंडावर जनावराचं कातडं ताणलेलं, उघड्या तळव्यांनी वाजवायचं. विशीतल्या मुरडेला त्यांनी एकदा कौतुकानं कोंगोपुढे बसवलं. पोरानं कातड्यावर तळवा टेकला, काहीतरी चिकट, कोमट, मेलेलं हाताला लागलं असं त्याला वाटलं, आणि तो जो नळाकडे पळाला तो अर्धा तास साबण लावत बसला. दाजी हसून हसून बेजार. “अरे, कातड्याला हात लावायचा नसेल तर काडीनं वाजव की,” ते म्हणाले आणि कोपऱ्यातल्या ड्रमसेटकडे बोट दाखवलं. ड्रमवर प्लॅस्टिकचा पडदा, हातात लाकडाची काडी, दोघांच्या मध्ये वीतभर हवा. मुरडेला जगात बसायला जागा मिळाली.

पुढे दाजींनीच त्याला आपल्या बँडमध्ये ओढलं. एका हॉटेलच्या तळघरात नाचाचं सभागृह होतं. शनिवारी-रविवारी दुपारी चार ते सात तिथं उतारवयातली जोडपी नाचायला यायची. निवृत्त शिक्षक, दवाखान्याच्या नोकरीतून सुटलेल्या नर्सा, नवरा गेला म्हणून मैत्रिणीबरोबर नाचणाऱ्या बायका. त्यांना लॅटिन नाच आवडायचे, चा-चा-चा आणि तसलेच. जाड गालिचा, त्यात वीस वर्षांचा घाम आणि सांडलेलं सरबत. त्या वासाबद्दल मुरडे तासभर बोलू शकायचा, आणि बोलायचाही.

दाजी आणि तो अठरा वर्षं शेजारी बसून वाजवत होते. अठरा वर्षांत त्यांच्यात एक गोष्ट ठरून गेली होती, आणि ती कुणी तोंडानं कधी बोललं नव्हतं. चार मात्रांचा ताल. तीन मात्रा मुरडेच्या काड्या बोलायच्या. चौथी आली की तो उजवा हात उचलून धरायचा, आणि त्या मोकळ्या जागेत दाजींच्या दोन उघड्या थापा पडायच्या. ढुम्-ढुम्. नाचणाऱ्यांची टाच वळायची ती त्यावर. त्या थापा नसत्या तर अर्ध्या लोकांनी एकमेकांचे पाय तुडवले असते. बाकीचा ताल कुणाचाही असो, ती जागा दाजींची होती.

आणि खरं सांगायचं तर दाजींकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. टपालखात्यात पत्रं निवडण्याची नोकरी होती, ती संपली. मुलं लांब. सोमवार ते शुक्रवार ते खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि ताई केर काढायला आली की पाय वर घ्यायचे, एवढीच त्यांची हालचाल. शनिवारी सकाळी मात्र घोटून दाढी, बुटांना पॉलिश, आणि ताईला दर दहा मिनिटांनी “किती वाजले गं?” मुरडे त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा, ताईच्या हातचं जेवायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. एका बाईबरोबर दोनदा चहाला गेला होता. तिनं चमचा चाटून पुन्हा साखरेच्या भांड्यात घातला आणि तो विषय तिथंच मिटला.

बँडच्या मालकाचं वर्णन करायचं तर आधी नाकाला रुमाल लावायला हवा. हा प्राणी पियानो वाजवायचा, अंगावर अर्धी बाटली अत्तर ओतायचा आणि मध्यंतरात उकडलेली अंडी खायचा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला खोड, आणि तो हात अंड्याचाच. एका रविवारी कार्यक्रम संपल्यावर त्यानं मुरडेला बाजूला घेतलं.

“स्टेजचे चार फूट गेले,” तो म्हणाला.

“कुठे गेले?”

“केकला.” मालकानं अंड्याचं टरफल खिशात टाकलं. “मॅनेजरला इथं काचेचं कपाट लावायचंय. आत दिवे, गोल फिरणारे केक. नाचून लोकांना भूक लागते म्हणे. आता इथं आठ जण मावत नाहीत. सात मावतात.”

“मग पियानो कमी करा.”

मालक हसला. त्याच्या ओठावर पिवळा कण होता आणि तो हसण्याबरोबर हलत होता. मुरडेनं भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

“तुझे दाजी बघ. तीन कोंगो, बोंगोची जोडी, स्टूल. किती जागा खातात! तू असं कर. एक कोंगो, दोन टिंबाले, एक काउबेल, पायाला एक लाकडी ठोकळा. सगळं तुझ्याच सेटला लाव. हल्ली सगळीकडे असंच करतात. माणसाला दोन हात नि दोन पाय उगाच नाही दिलेले.”

“आणि दाजी?”

“त्यांचं वय झालं रे. त्यांनाही आराम.”

‘त्यांनाही आराम’ ह्या दोन शब्दांची मुरडेला जेवढी शिसारी आली तेवढी इस्पितळाच्या चादरीची आली नव्हती. मला हे जमायचं नाही, असं तो म्हणाला. मालकाला वादावादी नकोच होती. “पुढच्या रविवारी एकट्यानं वाजवून दाखव,” तो म्हणाला. “जमलं तर सात. नाही जमलं तर मीच मॅनेजरला सांगतो, कपाट दाराशी लाव, माझा बँड आठाचाच आहे. मला काय, दोन्ही चालतं.” आणि त्यानं खांद्यावर हात ठेवला.

“बरं,” मुरडे म्हणाला. घरी जाताना त्याला वाटलं, हे ‘बरं’ आपण कशाला म्हणालो? जीभ होती की चिंधी?

दाजींना त्यानं जेवताना सांगितलं. दाजींनी घास गिळला, पाणी प्यायले. “म्हणजे माझ्या जागी तू,” ते म्हणाले. मुरडेनं मान खाली घातली. मग दाजी म्हणाले, “कोंगो वाजवताना कोपर उंच ठेवशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. उद्या चारला स्टोअरमध्ये ये. वाजवायचंच आहे तर नीट वाजव. माझ्या जागेवर बसून घाण करशील ते मी ऐकून घेणार नाही.”

सभागृहामागच्या स्टोअरमध्ये मोडक्या खुर्च्या, ओल्या फडक्यांच्या बादल्या आणि कुबट वास. तिथं सोमवारी दोघांनी सेट मांडला. डावीकडची झांज आणखी डावीकडे सरकवली आणि तिच्या पलीकडे टिंबाले लावले. पितळी काठाची दोन उथळ पातेलीच ती, वर प्लॅस्टिक, बाजूला पत्रा, दोन्हीवर काडी चालते. मोठ्या ड्रमच्या कडेला पकड लावून काउबेल बसवली. गाईच्या गळ्यातली घंटाच, पण आत लोलक नाही, वरून ठोकायची. झांजेच्या पायपट्टीशेजारी दुसरी पायपट्टी, तिला लाकडी ठोकळा, म्हणजे डाव्या पायानं ठोके मोजत राहायचे. आणि उजवीकडचा जमिनीवरचा ड्रम काढून त्या जागी दाजींचा मधला कोंगो. एवढ्या पसाऱ्यात मुरडे बसला तेव्हा त्याला भांड्यांच्या दुकानात कोंडल्यासारखं झालं.

त्याचं लक्ष कोंगोच्या कातड्यावर गेलं. मधोमध काळपट गोल डाग. अठरा वर्षांचा दाजींच्या तळव्यांचा घाम. काठाशी बोटांचे पिवळे ठसे. दाजी चहा आणायला बाहेर गेले तेवढ्यात त्यानं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि कातडं घसाघसा घासून काढलं. डाग गेला नाही. कातडं मात्र ओलं होऊन सैल पडलं, आणि थाप मारली तर उशीवर मारल्यासारखा आवाज.

दाजी चहा घेऊन परतले आणि त्यांनी कातड्यावर बोट दाबून पाहिलं. “कातडं आहे ते, ताटली नाही! अरे गाढवा, भिजवलंस?” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला गाढव म्हटलं. कातडं वाळेपर्यंत दोन दिवस गेले. बुधवारी दाजींनी पान्यानं एकेक नट आवळत, कान लावून, पुन्हा आवळत ते सुरात आणलं. मुरडे बघत होता. सुरात आलेलं कातडं त्यांनी एकदा तळव्यानं कुरवाळलं आणि झटकन हात मागे घेतला.

मग शिकवणं. टाच, बोटं, चापट, बोटं. मुरडेचा उजवा हात कातड्यावर, डाव्या हातातली काडी टिंबालेच्या पत्र्यावर, एक पाय मोठ्या ड्रमवर, एक ठोकळ्यावर. पहिल्या तासाला त्याला दोनदा हात धुऊन यावं लागलं. दुसऱ्या दिवशी एकदा. चार हातपाय चार दिशांना पळवायची विद्या त्याला येतच होती, ती बसली. एकच गोष्ट बसेना. चौथी मात्रा आली की दोन्ही हात वर जाऊन थांबायचे. तिथं दोन उघड्या थापा हव्या होत्या आणि तिथं काहीच नसायचं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दहा वेळा, वीस वेळा.

“अरे, मी इथं खुर्चीवर बसलोय,” दाजी शेवटी म्हणाले. “तू जागा सोडतोयस ती कुणासाठी?”

बोलून गेल्यावर ते उगाचच हसले आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

शुक्रवारी संध्याकाळी ताई भांडी विसळत होती. मुरडे पुसून ठेवत होता. पुसण्याचं काम घरात त्याच्याकडेच असायचं, दुसऱ्यानं पुसलेलं त्याला चालत नसे.

“जमतंय का तुला ते?” तिनं विचारलं.

“नाही. चौथ्याला हात अडतो.”

“मग अडू दे.”

त्यानं वर पाहिलं. ताई भांड्याकडेच बघत होती.

“रविवारी अडू दे. तेवढंच कर.”

“मुद्दाम वाईट वाजवू?”

“मुद्दाम कशाला? आपोआप अडतोय म्हणालास ना. त्याला अडू दे.” तिनं नळ बंद केला. “हे सातही दिवस त्या खुर्चीत बसले तर काय होईल, तुला कळतं. परवा मंगळवारी मला विचारत होते, आज शनिवार का गं? मी काय सांगू त्यांना? ते स्वतः काही बोलायचे नाहीत. मेले तरी बोलायचे नाहीत. म्हणून तुला सांगते. शब्द दे.”

“दिला.”

“नीट दे.”

“दिला गं ताई. रविवारी इतकं भिकार होईल की मालक केकच्या कपाटासकट पळेल.”

ती हसली. त्यालाही हलकं वाटलं. किती सोपं होतं! काही करायचंच नव्हतं. हाताला जी सवय होती ती तशीच राहू द्यायची, बस्स. त्या रात्री तो आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपला.

शनिवारचा कार्यक्रम दोघांनी नेहमीसारखाच शेजारी बसून वाजवला. रविवारी ताई सभागृहात आली. अठरा वर्षांत ती तिथं कधी पाय ठेवायला आली नव्हती. दाजींनी पॉलिश केलेले बूट घातले होते आणि ते खांबाजवळच्या टेबलाशी तिच्या शेजारी बसले, हात मांडीखाली दाबून. स्टेजवर त्यांची जागा मॅनेजरनं खडूनं आखून ठेवली होती, कपाटासाठी. मालकानं त्या खडूच्या चौकोनात आपला अंड्यांचा डबा ठेवला होता.

पहिलं गाणं सुरू झालं. चौथी मात्रा आली, मुरडेचे हात वर थांबले, आणि तिथं भोक पडलं. नाचणाऱ्यांचे पाय त्या भोकात गेले. एका म्हाताऱ्या बाईची टाच वळायची थांबली आणि पाय सरळ नवऱ्याच्या बुटावर. दुसऱ्या जोडप्यानं थांबून स्टेजकडे पाहिलं. मालकाच्या कपाळावर आठ्या. मुरडेनं टेबलाकडे नजर टाकली. ताईनं एवढीशी मान हलवली. छान चाललं होतं.

दुसरं गाणंही तसंच. लंगडं, फाटकं, ओंगळ. प्रत्येक चौथ्याला लोक ठेचकाळत होते आणि तोंडं वाईट करत होते. दोन जोडपी जाऊन बसली. मुरडेला घाम फुटला. हा आवाज आपल्या हातातून निघतोय, हे त्याला सोसेना. घाणीत हात घालून ढवळत बसल्यासारखं त्याला झालं. मध्यंतरापर्यंत आणखी चार गाणी, त्यानं स्वतःला बजावलं. चारच. दात आवळून काढायची.

तिसरं गाणं जरा जलद होतं. पहिल्या फेरीत भोक. दुसऱ्या फेरीत भोक. त्या म्हाताऱ्या बाईनं नवऱ्याचा हात सोडला आणि ती उभीच राहिली. तिसऱ्या फेरीत चौथी मात्रा आली आणि मुरडेचा उजवा हात कातड्यावर पडला. ढुम्-ढुम्. दोन, उघड्या, गोल, नेमक्या. म्हातारीनं पाऊल उचललं. पुढच्या फेरीला पुन्हा पडला. त्यानं अडवायला पाहिलं, असं त्यानं नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण अडवायचं कसं ते त्याला आता आठवत नव्हतं. तळव्याखाली कातडं कोमट होतं, थोडं ओलसर, आणि मारलं की ते उलट हात वर फेकत होतं, पुन्हा ये म्हणत होतं. इतकी वर्षं त्यानं काडीनं वाजवलं होतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं टिंबालेच्या पत्र्यावर काडी नाचवली, काउबेलवर गेला, परत कातड्यावर आला, आणि चौथी मात्रा आली की तो तिथं हजर. बसलेली जोडपी उठून आली. मालक पियानोवरून मागे वळून दात काढत होता. बाकीची सगळी गाणी तशीच झाली. दाजी नाहीत हे त्या दोनशे माणसांपैकी एकाच्याही पायाला कळलं नाही.

टाळ्या पडल्या. मालकानं येऊन त्याला अत्तरासकट मिठीत घेतलं. “सात!” तो कानात ओरडला. “मॅनेजरला सांगतो, उद्या कपाट आण!”

मुरडे खाली उतरला. टेबल वीस पावलांवर होतं, तेवढी चालायला त्याला बराच वेळ लागला.

दाजी उभे होते. डोळे भरलेले, चेहरा फुललेला. त्यांनी मुरडेचा हात धरला, उलटा करून तळवा बघितला. लालबुंद झाला होता. “मिठाच्या पाण्यात बुडव आज,” ते म्हणाले. “आणि पहिल्या दोन गाण्यांत घाबरलास, पण नंतर काय वाजवलंस! ऐकलंस गं? माझ्या हातचा आहे हा.” शेजारच्या टेबलावरच्या बायकांना त्यांनी हाक मारली, आणि हा माझा मेहुणा, मी शिकवलाय, असं सांगायला ते तिकडे गेले सुद्धा.

ताई बसूनच होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“ताई, हात आपोआप पडला,” मुरडे म्हणाला. “मी थांबवत होतो. देवाशप्पथ थांबवत होतो. ते लोक अडखळायला लागले, मला बघवेना. माझा इलाज चालला नाही गं.”

दाजींचा आवाज पलीकडून येत होता. शनिवारी परत आहे, चारला, मी येणारच आहे ऐकायला, असं ते त्या बायकांना सांगत होते.

ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तू हसत होतास,” ती म्हणाली.